सिगारेट सोडायच्या गोळ्या आणि फिरलेलं डोकं: दोष नेमका कुणाचा, हे कसं ओळखायचं

"ताई, ही उरलेली स्ट्रिप परत घेता का? डोकं फिरवते ही गोळी."

असं म्हणत काउंटरवर अर्धवट स्ट्रिप ठेवणारी गिऱ्हाइकं मला वर्षाकाठी पाच-सहा तरी भेटतात. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. स्ट्रिप परत घेता येत नाही, पण मी एक प्रश्न हमखास विचारते: "गोळी सुरू करायच्या आधी झोप कशी लागायची?" उत्तर ठरलेलं असतं. "लागत असेल की बरी."

सगळी गोम त्या 'असेल की'मध्ये आहे. निकोटीन तुटलं की माणूस चिडतो, बेचैन होतो, झोप उडते, मन लागत नाही, उदास वाटतं. सिगारेट सोडायच्या गोळीच्या पत्रकात दुष्परिणाम वाचायला घेतले, तर जवळपास हीच यादी पुन्हा समोर येते. मग बारा दिवसांनी बायकोवर खेकसलात, तो दोष गोळीचा, तुटलेल्या निकोटीनचा, की मुळातल्या स्वभावाचा? आधीची नोंद नसेल तर हे कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. म्हणून पहिली पायरी गोळीच्या आधीची आहे.

पायरी १: गोळीच्या आधीचा आठवडा लिहून काढा

वही लागत नाही, मोबाइलचं अ‍ॅपही नको. माझ्या दादाने १९ वर्षं ओढून सोडली, तेव्हा वहिनीने स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर वापरलं. तारखेच्या चौकोनात वर दुधाचा हिशोब आणि खाली दादाचा: "झो ५, चि ४, म ३, सि १४, च ६." म्हणजे झोप पाच तास, चिडचिड पाचपैकी चार, मन पाचपैकी तीन (आकडा जास्त तितकं मन बरं), सिगारेटी चौदा, चहा सहा. दारू घेतली असेल त्या दिवशी एक छोटा गोल. रोज अर्धा मिनिट.

चिडचिडीचा आकडा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी भरायचा, हे महत्त्वाचं. चिडलेल्या माणसाला आपण चिडलोय हे शेवटी कळतं. दादा तिसऱ्या आठवड्यात मला फोनवर म्हणाला, "या गोळीने मला नुसता तापट करून टाकलाय." मागून वहिनीचा आवाज आला, "मागच्या महिन्याचं पान उलटून बघा म्हणावं. गोळीच्या आधीपण चारच आहे." फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही.

सात दिवस पुरतात. त्यात एखादा सणाचा नाहीतर आजारपणाचा दिवस आला, तर दोन दिवस वाढवा.

पायरी २: डॉक्टरांपासून काय लपवायचं नाही

आपल्याकडे फॅमिली डॉक्टरला शुगर-बीपी बिनदिक्कत सांगतात, पण मनाची गोळी चालू असेल तर ती सांगत नाहीत. ती गोळी दुसऱ्या गावातल्या दुकानातून आणणारी माणसं मी पाहिली आहेत. या एका बाबतीत हा संकोच महागात पडतो. पुढच्यातलं काहीही असेल तर चिठ्ठी लिहिली जाण्याआधी तोंडाने सांगा:

- कधीही फीट आली असेल, अगदी लहानपणी; डोक्याला मोठा मार लागला असेल.
- नैराश्य, आलटून-पालटून उन्माद आणि उदासी येणारा बायपोलर आजार, स्किझोफ्रेनिया, किंवा पूर्वी कधी जीव देण्याचा विचार वा प्रयत्न. आता बरे असलात तरीही.
- दारू किती, रोज की अधूनमधून. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या किती दिवसांपासून.
- मुद्दाम उपाशी राहणं, किंवा भरमसाट खाऊन उलटी काढणं, अशा खाण्याच्या विकाराचा इतिहास.
- मूत्रपिंडाचा त्रास. याचा मनाशी काय संबंध, असं वाटेल. पण व्हॅरेनिक्लिन लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंड फार मंद असेल तर तिचा डोस निम्म्यावर ठेवावा लागतो.

यातलं काही असलं म्हणजे गोळी मिळणारच नाही, असं नाही. कोणती द्यायची आणि किती दिवसांनी परत बोलवायचं, हे त्यावरून ठरतं.

पायरी ३: कोणती गोळी डोक्यात काय करते, हे समजून घ्या

चिठ्ठीवर मिळणाऱ्या मुख्य गोळ्या दोन.

व्हॅरेनिक्लिन ही अमेरिकेत २००६ मध्ये बाजारात आली. मेंदूत निकोटीन जिथे जाऊन बसतं, त्या जागा ही आधीच अडवते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसंच. मग सिगारेट ओढली तरी निकोटीन उभंच राहतं, मजा येत नाही. शिवाय त्या जागेवर बसून ती थोडीशी चेतना स्वतःही देते, म्हणून तलफ अगदी टोकाला जात नाही.

ब्युप्रोपिऑन मुळात नैराश्याचं औषध. १९९७ मध्ये अमेरिकेत सिगारेट सोडण्यासाठी तिला वेगळी मान्यता मिळाली. डोपामाइन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही मेंदूतली रसायनं ती जास्त वेळ टिकवून धरते. त्यामुळे तरतरी येते, आणि तीच तरतरी रात्री झोपू देत नाही.

दोन्ही औषधं २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. तरी 'ही गोळी माणसाला वेडं करते' ही भीती गेलेली नाही, आणि ती हवेतून आलेली नाही. २००७ पासून व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्यांमध्ये नैराश्य, आक्रमकपणा, आत्महत्येचे विचार अशा तक्रारी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेकडे येऊ लागल्या. २००८ मध्ये तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने वैमानिकांना ही गोळी घ्यायला मनाई केली. जुलै २००९ मध्ये दोन्ही औषधांच्या पत्रकावर काळ्या चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक इशारा छापायचा आदेश निघाला.

पण तक्रार आली म्हणजे कारण सापडलं, असं होत नाही. तक्रारी करणारे बरेच जण त्याच दिवसांत सिगारेटही सोडत होते! हा गुंता सोडवायला नियामकांनी मोठी चाचणी करायला लावली. 'ईगल्स' नावाची ही चाचणी २०१६ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आली. १६ देशांतली ८,१४४ माणसं, त्यातली निम्मी आधी मानसिक आजार झालेली किंवा असलेली. कुणाला व्हॅरेनिक्लिन, कुणाला ब्युप्रोपिऑन, कुणाला निकोटीनचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी, तर कुणाला नुसती साखरेची गोळी म्हणावी तशी निष्क्रिय गोळी. कुणाला काय मिळालं, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मानसिक आजार नसलेल्यांमध्ये मनाचे मध्यम ते गंभीर त्रास व्हॅरेनिक्लिनवर १.३ टक्के लोकांना झाले, ब्युप्रोपिऑनवर २.२, पॅचवर २.५ आणि निष्क्रिय गोळीवर २.४ टक्के. म्हणजे नुसती सिगारेट सोडणाऱ्यालाही तेवढाच त्रास. मानसिक आजार असलेल्यांमध्ये हेच आकडे अनुक्रमे ६.५, ६.७, ५.२ आणि ४.९ होते. फरक थोडा दिसतो, पण तो योगायोगापलीकडचा ठरला नाही. डिसेंबर २०१६ मध्ये हा इशारा काळ्या चौकटीतून काढला गेला.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, सरसकट घाबरायचं कारण नाही. दोन, मानसिक आजार असलेल्याला, गोळी कोणतीही असो, त्रासाची शक्यता दुपटीहून जास्त आहे, आणि त्या चाचणीत घेतलेले रुग्ण आजार आटोक्यात असलेले होते. नुकताच आजार उसळलेला असेल, तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत. आधी मनोविकारतज्ज्ञ, मग सिगारेट सोडायची तारीख.

पायरी ४: पहिला आठवडा, म्हणजे स्वप्नांचा

व्हॅरेनिक्लिन सिगारेट सोडायच्या आठवडाभर आधी सुरू करतात. नेहमीचा क्रम असा: पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅमची एक गोळी, चौथ्या ते सातव्या दिवशी तीच दोन वेळा, आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅम दोन वेळा, एकूण १२ आठवडे. तुमच्या चिठ्ठीवर वेगळं लिहिलं असेल तर चिठ्ठी खरी.

या आठवड्याचा एक फायदा फारसं कुणी सांगत नाही. तुम्ही गोळी घेताय आणि नेहमीइतकी सिगारेटही ओढताय. म्हणजे निकोटीन अजून तुटलेलं नाही. अशा वेळी जे नवं होईल, त्याचा पहिला संशय गोळीवर. कॅलेंडरवर हे सात दिवस वेगळ्या रंगाने भरा. डॉक्टरांना या सात चौकोनांतून जितकं कळेल, तितकं दहा मिनिटांच्या गप्पांतून कळणार नाही.

या आठवड्यात मळमळ येऊ शकते, तिघांतल्या एकाला येते. उपाशीपोटी गोळी घेऊ नका. जेवून उठलात की पेलाभर पाण्याबरोबर घ्या. नुसत्या चहा-बिस्किटावर घेतलेली गोळी पोटात ढवळून काढते.

आणि स्वप्नं. दहातल्या साधारण एकाला चित्रविचित्र स्वप्नं पडतात, सिनेमासारखी रंगीत आणि सकाळी तपशिलासकट आठवणारी. दादाला पाचव्या रात्री दिसलं, की तो एसटी स्टँडवर उभा आहे, आमचे वारलेले बाबा शेजारी येऊन काडेपेटी मागताहेत आणि याच्या सगळ्या खिशांतून नुसतं ओलं वाळूचं ढेकूळ निघतंय. पहाटे चारला तो ओट्याशी पाणी पीत उभा राहिला होता. सकाळी मला फोन करून विचारतो, "हे वेड लागायचं लक्षण आहे का?"

नाही. स्वप्न कितीही विचित्र असो, सकाळी उठल्यावर ते स्वप्न होतं हे कळतंय, दिवसभर माणूस ताळ्यावर आहे, तोवर घाबरू नये. रात्रीची गोळी झोपताना न घेता संध्याकाळी लवकर जेवून घेतली की बरेचदा फरक पडतो. दादाने साडेदहाऐवजी साडेसातला घ्यायला सुरुवात केली. स्वप्नं गेली नाहीत, पण त्याला जाग येईनाशी झाली. तरीही झोपेचा बोजवारा उडत असेल तर डॉक्टर डोस निम्मा करू शकतात. तुम्ही मनाने गोळीचे तुकडे करू नका. झोपेत उठून चालायला लागलात, तर मात्र थांबा; ते पायरी ७ मध्ये येतं.

ब्युप्रोपिऑनमध्ये तक्रार उलटी: स्वप्नं बाजूला राहिली, झोपच येत नाही. तिघांतल्या एकाला तरी. दोन गोळ्यांत किमान आठ तास हवेत, म्हणून सकाळी सात-आठला पहिली आणि दुपारी चारच्या सुमारास दुसरी, असं बसवता येतं. ही गोळी हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते. ती मोडून, कुटून, चावून घेतली की सगळं औषध एकदम रक्तात उतरतं, आणि फीट येण्याचा धोका वाढतो. चुकलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घेणं हाही तोच धोका.

पॅच वापरत असाल आणि स्वप्नांनी हैराण असाल, तर रात्री पॅच काढून झोपता येईल का, एवढं विचारून घ्या.

पायरी ५: शेवटच्या झुरक्यानंतरचे पंधरा दिवस

हा खरा चिखल. निकोटीन तुटल्याची लक्षणं पहिल्याच दिवशी सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जातात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. या काळात दोष कुणाचा, हे एका दिवसाकडे बघून ठरत नाही. चढ आहे की उतार, ते बघायचं.

कॅलेंडरवर चिडचिड ५, ५, ४, ४, ३ अशी उतरत असेल, तर ते निकोटीन तुटल्याचं लक्षण. दम धरून बसा. आकडा दोन आठवड्यांनीही हलत नसेल, किंवा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सगळं निवळल्यावर, नव्याने चढायला लागला असेल, तर ते निकोटीनच्या खात्यावर टाकू नका. गोळी असेल, किंवा सिगारेटच्या धुराखाली इतकी वर्षं दबलेलं नैराश्य असेल. दोन्हीसाठी डॉक्टरांकडे जायचं, आणि कॅलेंडरचा फोटो घेऊन जायचं.

उदासी आणि तलफ यांतला फरक ओळखायची माझी एक साधी खूण आहे. तलफ येते आणि पाच-दहा मिनिटांत जाते; तेवढ्यात पाणी प्या, जिना उतरून या, कुणाला फोन लावा. उदासी सकाळी डोळे उघडल्याबरोबर उशाशी बसलेली असते आणि आवडीच्या गोष्टीनेही उठत नाही. ती सलग दोन आठवडे असेल तर ती तलफ नाही.

पायरी ६: चहा, दुसरी औषधं आणि श्रावण

धुरातल्या डांबरामुळे यकृत काही औषधांचा निचरा जास्त वेगाने करतं. हे काम धुराचं आहे, निकोटीनचं नाही. म्हणून विडी-सिगारेटला लागू, मिश्री आणि तंबाखू मळणाऱ्यांना नाही. धूर बंद झाला की यकृत काही दिवसांत सावकाश होतं, आणि नेहमीचाच डोस अंगात जास्त साठायला लागतो.

पहिला नंबर चहा-कॉफीतल्या कॅफिनचा. सिगारेट सुटल्यावर तेवढ्याच चहातून रक्तात पूर्वीपेक्षा खूप जास्त कॅफिन राहतं. त्यात टपरीवर सिगारेटच्या जागी आणखी एक कटिंग मारलेला असतो. मग हात कापतात, छाती धडधडते, रात्री डोळा लागत नाही आणि शिव्या खाते गोळी. सोडायच्या दिवसापासून चहा निम्मा करा. दादाचे सहाचे तीन झाले आणि झोप पाचावरून साडेसहावर गेली. गोळी तीच होती.

दुसरी, दम्यासाठी दिली जाणारी थिओफायलिन. तिसरी, आणि सर्वांत दुर्लक्षित, मनोविकारांवरची क्लोझापिन आणि ओलॅन्झापिन. धूर थांबला की यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. माणूस पेंगतो, बोलणं जड होतं, आणि घरच्यांना वाटतं, सिगारेट सोडून बिचारा खचला. खरं तर डोस कमी करायची वेळ आलेली असते. यातलं काही चालू असेल तर सोडायची तारीख त्या डॉक्टरांना आधी कळवा. ब्युप्रोपिऑन तर स्वतःही काही औषधांचा निचरा रोखते, त्यात नैराश्याच्या इतर गोळ्या आणि मेटोप्रोलॉलसारखी बीपीची गोळी येते. सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून न्या.

आता श्रावण. आमच्याकडे दरवर्षी हे दिसतं: गटारीला मनसोक्त पिऊन दुसऱ्या दिवसापासून दारू, मटण आणि सिगारेट तिन्ही बंद. संकल्प चांगला, पण रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर नुसत्या त्यानेही फीट येऊ शकते. त्यावर ब्युप्रोपिऑन चालू असेल तर धोका आणखी चढतो. नेहमीच्या डोसमध्ये या गोळीने फीट येण्याचं प्रमाण हजारात एक इतकं कमी आहे. रोज पिणाऱ्याने अचानक दारू तोडली की तो हिशोब मोडतो. अशा माणसासाठी ब्युप्रोपिऑन मुळात टाळतात. तुमचं पिणं डॉक्टरांना कळलंच नसेल, तर ते टाळतील कसे?

व्हॅरेनिक्लिनवर दारू घेतली तर काहींना नेहमीच्या दोन पेगची चार पेगसारखी चढते, काही जण हमरीतुमरीवर येतात, सकाळी काहीच आठवत नाही. २०१५ मध्ये पत्रकात हा इशारा घातला गेला. निदान पहिला महिना पार्टीतून सुटका करून घ्या. गोळी आपल्याला कशी मानवते हे कळेपर्यंत लांबचं ड्रायव्हिंगही नको.

पायरी ७: इथे मात्र गोळी थांबवायची

हे फ्रिजवर चिकटवा, आणि घरच्यांना दाखवून चिकटवा:

- जगण्यात अर्थ नाही, मेलेलं बरं, असं बोलणं किंवा स्वतःला इजा करायचा विचार.
- नसलेले आवाज ऐकू येणं, नसलेली माणसं दिसणं, सगळे आपल्यावर टपलेत असा संशय.
- दोन-तीन रात्री झोप नाही आणि तरी थकवाही नाही. अखंड बडबड, उधळपट्टी, अचाट बेत.
- स्वभावात कधीच नव्हता असा हिंसकपणा. हात उचलणं, वस्तू फेकणं.
- झोपेत चालणं, गोंधळून जाणं, फीट येणं.

यातलं एकही दिसलं तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. ब्युप्रोपिऑन नैराश्यासाठीही चालू असेल तर ती बंद करायची की बदलायची, हेही त्याच फोनवर विचारा. जीव देण्याची भाषा असेल तर माणसाला एकटं सोडू नका, घरातली सगळी औषधं आपल्या ताब्यात घ्या आणि १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. फीट किंवा हाताबाहेर गेलेली परिस्थिती असेल तर १०८.

"असं काही बोललास तर डोक्यात भरेल" म्हणून विचारायचं टाळू नका. सरळ विचारल्याने विचार पेरला जात नाही. वहिनी रोज रात्री कॅलेंडर भरताना दादाला एकच विचारायची, "आज नको-नको झालं होतं का?" तो बहुतेक वेळा "नाही" म्हणायचा. एकदा म्हणाला, "थोडं." दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे जाऊन आले, डोस खाली आला, गाडी पुढे गेली.

गोळी थांबवावी लागली तरी लगेच टपरी गाठायची गरज नाही. पॅच, निकोटीनचं च्युइंगगम, समुपदेशन हे रस्ते असतातच. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी आहे आणि फुकट आहे. पाकीट फेकायच्या आधी तेवढं कामाला येतं. जिल्हा रुग्णालयात तंबाखू मुक्ती केंद्र आहे का, हेही विचारा.

पायरी ८: गोळ्या संपतानाचे दिवस

बारा आठवडे झाले, सिगारेट सुटली, शेवटची स्ट्रिप संपली, आणि लोक कॅलेंडर भरायचं थांबवतात. घाई होते. व्हॅरेनिक्लिन बंद केल्यावर शंभरातल्या दोघा-तिघांना पुन्हा चिडचिड, तलफ, उदासी, झोपमोड होते. अचानक न थांबवता डोस उतरवत नेता येईल का, हे अकराव्या आठवड्यातच विचारून ठेवा. काहींना डॉक्टर आणखी १२ आठवडे देतात.

शेवटच्या गोळीनंतर निदान पंधरा चौकोन भरा. दादाच्या कॅलेंडरवर ते आहेत: झो ७, चि २, म ४, सि ०, च ३. शेवटच्या चौकोनात चिडचिडीचा आकडा खोडून वहिनीने पुन्हा लिहिलाय, दोनाचा तीन केलाय. त्या दिवशी गॅस संपला होता, आणि नंबर लावायला दादा विसरला होता.